‘वय झालं’ म्हणण्याआधी नजर तपासा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी ठाण्यात राहतो, महापेच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. वय ४३. कॉलेजात असताना पूलचा (खिसे असलेल्या टेबलावर ‘क्यू’ या काठीने बॉल खिशात घालायचा खेळ) नाद लागला, पंचविशीत राज्य पातळीच्या स्पर्धांमध्ये बऱ्यापैकी पुढे जायचो. गेली दोन वर्षं मात्र पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाशा गुंडाळावा लागतो, तोही अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांकडून. सकाळच्या मॅचेस निघतात, पण संध्याकाळनंतर लांबचे पॉट, म्हणजे लांबचा बॉल खिशात घालायचे फटके, सुटतात. सरावाला उभं राहायचा कंटाळा येतो, तरी पूल पार्लरमधून पाय निघत नाही. मुलगा यंदा दहावीला आहे. बायको म्हणते, आता घराकडे बघा. मित्र फिलिपिन्सचा पूलपटू इफ्रेन रेयेसचं उदाहरण देऊन ‘थांबू नकोस’ म्हणतात. पार्लरच्या मालकाने रविवारी सकाळी नवशिक्यांना शिकवायला बोलावलंय, पण शिकवायला लागलो म्हणजे खेळाडू म्हणून संपलो, असं वाटतं. मध्यंतरी चाळिशी लागली, रक्तदाबाची गोळीही सुरू झाली. माझं वय झालं का? झालं असेल तर मानाने कधी थांबावं?

*

तुमचा प्रश्न नुसत्या वयाचा असता तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते. ४३ हे पूल सोडायचं वय नाही. पण पत्रात तुम्ही लिहिलंय ते नजरेबद्दल, संध्याकाळच्या थकव्याबद्दल, सरावाच्या कंटाळ्याबद्दल, घराबद्दल आणि त्या रविवारच्या शिकवणीबद्दल. या सगळ्यावर ‘वय’ अशी एकच चिठ्ठी चिकटवून तुम्ही ते माझ्याकडे पाठवलंत. ती चिठ्ठी आधी काढू.

आपल्याकडे खेळाडूचं वय क्रिकेटच्या मापाने मोजायची खोड आहे. पस्तिशी आली की लोक विचारायला लागतात, निवृत्ती कधी? फास्ट बोलरच्या गुडघ्यांना ते माप ठीक आहे. क्यूच्या खेळांना ते लागू पडत नाही. तैवानचा वू जिया-चिंग २००५ मध्ये सोळाव्या वर्षी नाइन-बॉलचा (पूलचा एक प्रकार) जगज्जेता झाला, आणि फिलिपिन्सचा फ्रान्सिस्को बुस्तामांते तेच विजेतेपद २०१० मध्ये दोह्याला छेचाळिसाव्या वर्षी जिंकला. आठ वर्षं आधी तो याच स्पर्धेची अंतिम फेरी हरला होता. स्नूकरमध्ये रॉनी ओ’सुलिव्हन २०२२ मध्ये छेचाळिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. सर्वांत मोठ्या वयाच्या विजेत्याचा त्याआधीचा विक्रम रे रिअर्डनचा, १९७८ मधला, आणि तोही पंचेचाळिसाव्या वर्षीचा. आपल्याकडचंच बघायचं तर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९६४ मध्ये बिलियर्ड्समध्ये दुसऱ्यांदा जगज्जेते झाले तेव्हा ४२ वर्षांचे होते. मुंबईचे मायकेल फरेरा १९८३ मध्ये तिसऱ्यांदा जागतिक हौशी विजेते झाले ते पंचेचाळिशीत.

आता ही यादी मित्रांना दाखवू नका. ते लगेच म्हणतील, बघ, आम्ही काय सांगत होतो! रेयेसचं नाव घेऊन तुम्हाला चढवणाऱ्या मित्रांचा हेतू चांगला आहे, पण उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. रेयेस लहानपणापासून मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. पूल हाच त्याचा धंदा होता. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रिनोला एट-बॉलची पाच लाख डॉलर पहिल्या बक्षिसाची स्पर्धा त्याने बावन्नाव्या वर्षी मारली, ती आयुष्यभर दिवसचे दिवस टेबलाशी काढल्यावर. तुम्ही सकाळी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून घणसोली, तिथून रिक्षाने महापे, शिफ्ट संपवून परत ठाणे, आणि मग कुठे रात्री नऊला क्यू हातात घेता. त्याच्याशी बरोबरी करून स्वतःला कमी लेखायचं कारण नाही, आणि ‘त्याला जमलं म्हणजे मलाही जमेल’ म्हणून फसायचंही कारण नाही. रेयेसच्या गोष्टीतला तुमच्या कामाचा भाग पुढचा आहे. २०२२ मध्ये हनोईच्या साउथ ईस्ट एशियन गेम्समध्ये त्याने ६७व्या वर्षी कांस्यपदक घेतलं, ते पूलमध्ये नव्हे तर कॅरम बिलियर्ड्समध्ये. (आपला सोंगट्यांचा कॅरम नव्हे. खिसे नसलेल्या टेबलावर तीन बॉलने खेळतात तो.) म्हणजे एवढा मोठा माणूससुद्धा जिथे पोरं भारी पडतात तिथेच डोकं आपटत बसला नाही. जिथे त्याचं ज्ञान जास्त चालेल तिथे तो गेला.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. सकाळच्या मॅचेस निघतात, संध्याकाळनंतर लांबचे पॉट सुटतात. हात गेला असता तर तो सकाळीही गेला असता. ही लक्षणं मला आधी डोळ्यांची वाटतात आणि मग दिवसभराच्या थकव्याची. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. जवळचं धूसर दिसतं, शिवाय जवळून लांब आणि लांबून जवळ अशी नजर बदलायला वेळ लागतो. पूलमध्ये एका शॉटपुरतं तुम्ही नेमकं हेच करता. क्यूची टिप, पांढरा बॉल, सात-आठ फुटांवरचा ऑब्जेक्ट बॉल (खिशात घालायचा तो), पुन्हा पांढरा, पुन्हा ऑब्जेक्ट. सकाळी ताज्या डोळ्यांनी हे निभतं. रात्री आठनंतर, त्यातून दिवसभर कंपनीत पॅनेलचे आकडे आणि मोबाइल बघून झाल्यावर, ते निभत नाही. बॉल दिसतो, पण त्याची कड कापल्यासारखी दिसत नाही, आणि पातळ कट तर त्या कडेवरच मारायचा असतो.

त्यातून तुम्ही प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेला, चष्मा घेतला असेल (पत्रात लिहिलं नाहीत, पण बहुतेक जण तोच घेतात) तर पंचाईत आणखी वाढते. शॉटसाठी वाकून हनुवटी क्यूवर आणली की तुमची नजर काचेच्या मधून जात नाही, वरच्या काठातून जाते. फ्रेम बुटकी असेल तर चक्क फ्रेमच्या वरून जाते. मग नकळत मान वर उचलली जाते. मान उचलली की नजर काचेच्या मधल्या भागात उतरते, जो मध्यम अंतरासाठी असतो, आणि लांबचा बॉल पुन्हा धूसर. वर मानेला रग लागते ती वेगळीच. स्नूकरपटू डेनिस टेलरचे ते उलटे लावल्यासारखे दिसणारे मोठे चष्मे आठवतात? लोक हसायचे. १९८५ मध्ये तो स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या काळ्या बॉलवर हरवून विश्वविजेता झाला तो त्याच चष्म्यात. भिंग वर यावं, वाकल्यावर नजर काचेच्या मधोमध जावी, एवढाच त्यातला हिशोब. आणि २०२५ मध्ये पन्नाशीत विश्व स्नूकरच्या अंतिम फेरीत पोचलेला मार्क विल्यम्स नजर कमी झाल्याचं उघड सांगत होता.

तेव्हा पहिलं काम हे करा. पार्लरमध्ये कुणाला तरी टेबलाच्या पलीकडे उभं करा आणि तुम्ही शॉटसाठी वाकलेले असताना समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. ते फोटो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ‘वाचायला त्रास होतो’ एवढंच सांगू नका. ‘असा वाकून दोन फुटांपासून आठ फुटांपर्यंत बघतो’ असं सांगा. खेळण्यापुरता वेगळा, एकाच नंबरचा, उंच फ्रेमचा चष्मा करता येतो. काचेचा मध्य वर घेऊन देणारा दुकानदार गाठावा लागेल. पहिले काही आठवडे टेबल वाकडं दिसेल, तेवढ्यात स्पर्धा खेळायला जाऊ नका.

थकव्याचं फार लिहीत नाही, कारण तुम्हाला ते कळतं. सकाळी दहाला रिपोर्टिंग, नंबर लागतो तीनला, मधे वडापाव आणि चार कटिंग, बाकड्यावर बसून कंबर आखडलेली. एकोणीस वर्षांच्या पोराला हे चालतं. तुम्ही डबा न्या, मॅचेसच्या मधे बाहेर पडून चक्कर मारा, आणि दुसऱ्यांच्या फ्रेम्स डोळे फाडून बघत बसू नका.

तरीही तुम्ही म्हणाल, हे सगळं केलं आणि खेळ खरंच उतरलेला असला तर? मग मोजून बघा. स्थानिक स्पर्धांच्या निकालावरून मोजू नका. रेस टू फाइव्हमध्ये (आधी पाच फ्रेम्स घेईल तो जिंकला) दोन बरे ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारे पहिले फटके, आणि एक फ्लूक, म्हणजे नशिबाने गेलेला बॉल, एवढ्यावर कुणीही कुणालाही घरी पाठवतं. घोस्टबरोबर, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याबरोबर, खेळा. ज्यांना ठाऊक नाही त्या वाचकांसाठी सांगते. नाइन-बॉलचा रॅक लावायचा, म्हणजे नऊ बॉल एकत्र मांडायचे, ब्रेक करायचा, मग पांढरा बॉल हवा तिथे ठेवून एकपासून नऊपर्यंत क्रमाने सगळे घालायचे. एकही सुटला की तो रॅक घोस्टचा. असे दहा रॅक शनिवारी सकाळी आणि दहा रॅक आठवड्यात एखाद्या रात्री, महिनाभर. वहीत लिहून ठेवा, चुकलेला बॉल लांबचा होता की जवळचा हेही. सकाळ आणि रात्र यांच्यात मोठी तफावत निघाली तर गोष्ट डोळ्यांची आणि थकव्याची. दोन्हीकडे सारखेच कमी आले तर खेळ उतरलाय हे मान्य करू, आणि तेव्हा आपल्याकडे आकडा असेल, मनाची समजूत नव्हे.

आता कंटाळा. खरं दुखणं इथेच आहे असं मला वाटतं.

विशीत सरावाचा पगार दर आठवड्याला मिळतो. आज ड्रॉ (पांढरा बॉल मागे खेचणारा फटका) जमत नाही, पुढच्या रविवारी जमतो. त्रेचाळिशीत तेवढेच तास घालून तुम्ही जिथे आहात तिथेच राहता. खेळ टिकवण्यासाठी केलेल्या सरावाला कुणी टाळ्या वाजवत नाही, तुम्ही स्वतःही नाही. त्याचा कंटाळा येणं हा आळस नव्हे, आणि खेळावरचं प्रेम आटल्याची खूणही नव्हे. प्रेम आटलं असतं तर तुम्ही क्यू केसमध्ये ठेवून सरळ घरी गेला असता. तुम्ही रात्री साडेदहापर्यंत दुसऱ्यांची टेबलं बघत थांबता, हे तुम्हीच लिहिलंय.

मग उतरलं काय? मला शंका आहे की तुम्ही अजून बाविसाव्या वर्षीचाच सराव करताय. तेच सरळ पॉट, तेच तीन तास, आणि मनात तेव्हाचा तुम्ही. त्या पोराशी रोज मॅच खेळून रोज हरायचं म्हटल्यावर कोण उभं राहील? वेळ चाळीस मिनिटांवर आणा आणि एका दिवशी एकच काम ठेवा. एक दिवस फक्त सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळणार नाही असा बॉल ठेवणं. एक दिवस फक्त किक, म्हणजे समोर बॉल अडलेला असताना कुशनवरून जाऊन लागणं. एक दिवस फक्त ब्रेक. सेफ्टी आणि किक मुद्दाम सांगतेय, कारण यूट्यूबवर शिकलेली आजची पोरं टेबल मोकळं मिळालं की धडाधड घालतात, पण बॉल दडवून ठेवला की त्यांतले बरेच जण गडबडतात. तिथे वीस वर्षांचं पाहणं कामाला येतं. तुम्हाला नव्याने शिकण्यासारखं तिथे अजून बरंच आहे, आणि पुन्हा दर आठवड्याला पगार मिळेल तो तिथेच.

आणखी एक जरा टोचणारा प्रश्न विचारते. रागावू नका. तुम्हाला त्रास हरण्याचा होतो की हरताना दिसण्याचा? ज्या पार्लरमध्ये वीस वर्षं तुमचा शब्द चालला, मार्करसुद्धा (टेबलं आणि गुण सांभाळणारा) तुमचं टेबल राखून ठेवायचा, तिथे परवाच्या पोराकडून पाच-एकने हरणं हे नुसतं हरणं नसतं. हे तपासायला सोपा उपाय आहे. पुढची एखादी स्पर्धा वाशी-नेरूळकडे किंवा पुण्याला खेळा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. मित्रांना बरोबर नेऊ नका. तिथे हरूनही परतीच्या गाडीत तुम्ही मनात फ्रेम्स पुन्हा खेळत असाल तर खेळ शिल्लक आहे, जड झालाय तो मान. आणि तिथेही ‘कधी एकदा संपतंय’ असं झालं, तर थांबण्याचा विचार जरूर करा. ती माहिती खरी असेल.

आता घर. बायकोने तुम्हाला खेळ सोडायला सांगितलेलं नाही. तिने घराकडे बघायला सांगितलंय. या दोन मागण्या वेगळ्या आहेत, आणि पहिली मान्य केली की दुसरी आपोआप पुरी होते असंही नाही. खेळ सोडून सोफ्यावर मोबाइल घेऊन बसणारे नवरे मी खूप पाहिलेत. तिच्यापुढे नवस बोलल्यासारखं ‘यापुढे कमी खेळेन’ म्हणू नका, वार आणि तारखा सांगा. दिवाळीपासून परीक्षा संपेपर्यंत आठवड्यातून दोनच संध्याकाळी, त्याही ठरलेल्या, आणि स्पर्धा एकही नाही. परीक्षेनंतर काय, तेही तेव्हाच ठरवून ठेवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. दहावीचं निमित्त करून खेळ सोडू नका. पुढे कधीतरी भांडणात ‘तुझ्या दहावीसाठी मी पूल सोडला’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघेल, आणि ते ओझं त्या पोराने मागितलेलं नाही.

शिकवणीचं आमंत्रण घ्या, असं माझं मत. मात्र ते सांत्वन म्हणून नको, काम म्हणून घ्या. शिकवलं म्हणजे खेळाडू संपला हा हिशोब तुम्ही कुठून आणलात? दुसऱ्याचा स्टान्स सुधारताना स्वतःचा कोपर कुठे बाहेर जातोय ते दिसायला लागतं. मात्र मालकाशी आधी स्पष्ट बोला. पैसे किती, टेबलाचं भाडं कोण भरणार, पोरं किती. सहाच्या वर घेऊ नका. सुरुवातीला तीन महिन्यांचंच ठरवा. ‘आपल्यातच आहे, बघू’ या बोलीवर सुरू केलेल्या शिकवण्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि फुकट शिकवू नका, नाहीतर दोन महिन्यांत तुम्ही पार्लरमधले बाकड्यावरचे सल्लागार व्हाल.

जाता जाता, हे वाचणाऱ्या विशीतल्या पूलपटूंसाठी. आपल्याकडे हा खेळ चाळिशीत संपताना मी फारसा पाहिला नाही. तो संपतो चोविशीत, पहिली नोकरी लागली की. पूल ऑलिम्पिकमध्ये नाही, एशियन गेम्समध्ये १९९८ ते २०१० एवढाच होता, आणि रेल्वे किंवा पेट्रोलियम कंपन्यांच्या नोकऱ्या थोड्यांच्या वाट्याला येतात. तेव्हा नोकरी करून खेळायची घडी विशीतच बसवा. या गृहस्थांनी ती वीस वर्षं बसवली, हे त्यांना स्वतःला मोठं वाटत नाही, मला वाटतं.

मानाने कधी थांबावं, याचं उत्तर द्यायचं राहिलं. सचिनसारखं वानखेडेवरचं शेवटचं भाषण तुम्हाला करायचं नाहीये, तेव्हा तारीख जाहीर करायची गरजच नाही. व्हॉट्सॲपवर निरोपाचा संदेश टाकू नका. चार महिने खेळला नाहीत तर चार महिने खेळला नाहीत, पाचव्या महिन्यात परत या. पूलमध्ये हे चालतं. एखाद्या वर्षी निवड स्पर्धेचा फॉर्म भरावासा वाटला नाही तर भरू नका, पुढच्या वर्षी वाटला तर भरा. स्नूकरही येत असेल तर तिथे वयाने मोठ्यांसाठी मास्टर्स गट असतो, संघटनेकडे चौकशी करा.

शेवटी रक्तदाबाच्या गोळीचं, आणि हे तुम्ही तर वाचाच, पण नेमबाजी-तिरंदाजी करणाऱ्या चाळिशीच्या वाचकांनीही नीट वाचावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या बीटा-ब्लॉकर गटातल्या असतात, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. त्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात, हाताचा कंप कमी होतो, म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूलसाठी स्पर्धेच्या काळात त्यांच्यावर बंदी आहे. पार्लरच्या स्पर्धेत कुणी विचारणार नाही, पण राज्य-राष्ट्रीय पातळीवर जायचं असेल तर हे माहीत हवं. गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा आणि डॉक्टरांना सांगा की मी स्पर्धा खेळतो. दुसऱ्या गटातली गोळी बहुतेकदा देता येते. नाहीच आली, तर उपचारासाठी औषध घेण्याची सवलत ‘नाडा’कडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) रीतसर मागता येते. मात्र तोवर गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.